दादाचं कसदार रक्त

माझ्या थोरल्या भावाचं हिमोग्लोबिन अठरा होतं आणि ही गोष्ट करी रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक होती. मंडळाच्या रक्तदान शिबिरात ती माइकवरून जाहीर झाली. शाल, श्रीफळ आणि ‘रक्तवीर’ ही पदवी. मंडपाबाहेर येऊन दादाने एका हाताने शाल सावरली, दुसऱ्याने सिगारेट पेटवली. वहिनी कायम लोहाच्या गोळ्यांवर. तिला तो म्हणायचा, “माझं घे थोडं. कोकणातला माल आहे.”

पुढे एका लग्नाच्या खरेदीसाठी दोघं हिंदमाताच्या कापडबाजारात गेली, तेव्हा तो दर दोन-तीन दुकानांनी थांबून काचेतल्या साड्या बघत राहायचा. वहिनी मला कौतुकाने म्हणाली, की इतक्या वर्षांनी ह्यांना साडीतलं कळायला लागलंय. तो पोटरीतली कळ ओसरायची वाट पाहत होता. तिला मात्र त्याने तसंच समजू दिलं.

त्याच्या पायाचा अंगठा काळा पडल्यावर परळच्या इस्पितळात गेलो. दादाने तिथेही आपलं अठरा अभिमानाने सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सिगारेटच्या धुरातला विषारी वायू तांबड्या पेशींत जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडतो, प्राणवायूला जागा देत नाही. म्हणून शरीर आणखी पेशी करत सुटतं आणि रक्त दाट होतं, असं त्यांनी समजावलं. धमन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, गुठळ्या धरतात, वाट अरुंद होते. आम्ही ज्याला कस म्हणत होतो, तो धुराचा गाळ होता.

“आजपासून बंद केलीत, तर पाय वाचवायचा प्रयत्न करू,” त्या म्हणाल्या.

दादाने कमी केली. बंद नाही, कमी. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर मात्र त्याने सिगारेटला हात लावला नाही. दुसरा पाय तरी राहावा म्हणून. रोज संध्याकाळी वहिनी ते पाऊल मांडीवर घेते आणि हाताची उलटी बाजू लावून बघते, तापात कपाळ बघतात तशी. “गरम आहे,” म्हणते. मग तो टीव्ही लावतो.

परवा मी तिथेच होतो. तिने हात लावला. काढला, पुन्हा लावला.

“पंखा फार लागतोय गं,” दादा म्हणाला.

तिने उठून पंखा बंद केला. मे महिन्याच्या त्या उकाड्यात आम्ही तिघं घाम पुसत बसून राहिलो.