भिंतीवरची टकटक

आमच्या चाळीची भिंत इतकी पातळ होती की शेजारच्या दामूअण्णांना ठसका लागला की पाणी मी प्यायचो. चहा उकळला की अण्णा भिंतीवर टकटक करत आणि मी कप घेऊन हजर.

चाळ पाडून टॉवर झाला. मी चौथ्या मजल्यावर, अण्णा एकविसाव्या, जवळजवळ ढगांत. भिंती आता अशा जाड, की पलीकडे तोफ डागली तरी इकडची मांजर कूस बदलणार नाही. अशा पक्क्या घराचीच तर आम्ही जन्मभर वाट पाहिली.

काल अण्णांकडे गेलो. चहा उकळताच त्यांनी भिंतीवर टकटक केली.

"अण्णा, मी इथंच बसलोय. भिंतीपलीकडे लिफ्ट आहे."

"ठाऊक आहे रे," कप पुसत ते म्हणाले, "ती तरी थांबते का, रोज बघतो."

दार उघडंच होतं; बाहेर लिफ्ट न थांबता घरघरत खाली गेली.