पद्माआक्कांचं सूर्यास्ताआधीचं जेवण

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसा मी तोंडाने फटकळ, आणि माझ्या कामात हुशार — हे सांगायला लाजत नाही. मग एवढीच गोष्ट इतकी वर्षं घशात का अडकावी?

टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम होतं. प्रोग्राम माझा. बरेच अर्ज ऑनलाइन येत. गुंजी गावाकडचे मात्र कागदावर, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ते पद्माआक्का जसेच्या तसे टाइप करत. निपाणीच्या जैन घरातल्या, माझ्याहून वयाने मोठ्या. चातुर्मासात त्या साडेपाचला निघायच्या, कारण दिवस मावळल्यावर त्या जेवत नसत.

त्या वर्षी चातुर्मासातच यादी लागली आणि गुंजीची एकही मुलगी तिच्यात नव्हती. पालक दारात उभे. साहेबांनी मला विचारलं, आणि मी — क्षणभरही न थांबता — म्हणालो, "आक्कांस्नी घरी जायची लई घाई असतीया, सर. ऱ्हायलं असंल भरायचं."

खरंच तसं वाटलं होतं का मला? नाही. प्रोग्राम माझा होता, एवढंच.

साहेबांनी आक्कांना सगळे अर्ज कागदाशी पुन्हा ताडून बघायला लावलं. रोज आठपर्यंत.

दुसऱ्याच दुपारी मला चूक सापडली. अर्जांतली गावांची नावं शोधायचा पॅटर्न मी आधीच कंपाइल करून, म्हणजे पक्का तयार करून, ठेवला होता. लहान-मोठी अक्षरं एकच धर, ही जास्तीची सूचना — मॉडिफायर — मी नंतर, शोध घेताना बाहेरून लावला. पण तयार झालेला पॅटर्न बाहेरच्या मॉडिफायरला भीक घालत नाही; कंपाइल होताना मिळालं असेल तेवढंच पाळतो. त्यामुळे कॅपिटलमधलं गुंजी त्याला दिसलंच नाही, आणि ते अर्ज यादीबाहेर राहिले. आक्कांनी एकही अर्ज सोडला नव्हता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. ती मी केली — आणि तीन आठवडे दाबून ठेवली. तपासणी संपायच्या आधीच यादी सुधारली असती, तर कोणीतरी विचारलं नसतं का?

ते तीन आठवडे आक्का माझ्या समोरच्या टेबलावर होत्या. डबा एकच, दुपारचा. खिडकीतलं ऊन उतरलं की घाईघाईने बाटलीभर पाणी पीत, आणि मग सकाळपर्यंत काही नाही. एकदा मी भडंगाचा कागद पुढे सरकवला. मला माहीत होतं, तरी. त्या हसल्या. "दिस बुडाला की वो आता."

तपासणी संपली त्या दिवशी मी दुरुस्ती चढवली. यादी पूर्ण आली. साहेब म्हणाले, बघा, नीट तपासलं की होतं. आक्कांनी मान खाली घातली. मी तिथेच होतो. स्वतःवर खूशही होतो.

दुसऱ्या दुपारी त्यांनी माझ्यासाठी होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, आणल्या. "ह्या दिवसांत तुमी एक शब्द वाईट बोलला न्हाई," म्हणाल्या.

चार होत्या. मी चारही खाल्ल्या.