जुन्या मशीनवरची पाणीपाळी

प्रतिभाला कुणी 'हे होणार नाही' म्हटलं, की तिथेच तिचं डोकं फिरतं. तापीकाठच्या आपल्या गावात, उपसा सिंचन संस्थेच्या कचेरीत ती एकटीच कारकून. तिथला संगणक इतका जुना, की बटण दाबून माणूस निवांत चहा पिऊन येतो. पण कुणाच्या वावराला कधी पाणी, ती पाणीपाळीची यादी आजवर त्याच्यावरच निघाली.

या उन्हाळ्यात अध्यक्ष नवनीतभाईंनी तळोद्याच्या मिथुनकडून नवी एक्सेल फाइल करून आणली. मॅक्रो चालवला की यादी आपोआप तयार. प्रतिभाने चालवला, तर तो अर्ध्यातच अडकला. ओळी क्रमाने लावणारं नव्या एक्सेलमधलं फंक्शन तिच्या जुन्या एक्सेलला ठाऊकच नव्हतं.

मिथुन फोनवर म्हणाला, "जुनामा नही चालनार, ताई. नवं मशीन ल्या, नही ते यादी तळोदाले काढू."

"गावनी यादी तळोदाले? काही गरज नही!" तिने फोन आपटला.

मग ती हात धुऊन त्या मॅक्रोच्या मागे लागली. नवं एक्सेल जे एका शब्दात करतं, ते तिने साध्या पायऱ्यांनी लिहायला घेतलं: दोन ओळी घे, ताडून पाहा, लागलं तर जागा बदल, पुढे चल. त्यासाठी मिथुनने क्रम कसा लावलाय ते वाचावं लागलं, आणि वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्रम पंपापासून सुरू होत होता. पहिलं वावर नवनीतभाईंचं, शेवटचं धनुबाईचं.

गावात पाळी कायम शेवटच्या वावरापासून सुरू होते. विजेचा भरवसा नसतो. पंपाजवळच्याला कधीही पाणी मिळतं, पण शेवटच्याला 'मागाहून' म्हटलं की ते मिळतच नाही. धनुबाई एकटी बाई, पपईची बाग सांभाळते. ऐन उन्हात पाळी हुकली तर बाग गेलीच. प्रतिभाने क्रम उलटा करून टाकला आणि यादी छापली.

यादी बघून नवनीतभाईंचा चेहरा उतरला. "मिथुननी फाइलमा मन्हं नाव पहिलं व्हतं."

"व्हतं. मीच बदलं."

"तुले कोनी सांगं?"

"रीत बदलनी व्हई ते सभा बलावा, भाई. धनुबाईनासमोर बोला. मॅक्रोमा लपाडीसन नही."

"तुन्हा सासराना नंबर बी मांगे गया, यादीमा दखं का?"

"दखं. जाऊ द्या."

"नवं मशीन येऊ दे, मंग दखसू तुले."

"लया ना! जुनामा चालस, नवामा बी चाली, असंच लिखेल शे. तठे बी पहिली धनुबाईच निंघी."

भाईंनी सभा काही बोलावली नाही. प्रतिभाने यादी पंपघराच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवली.

पाणी सुटलं त्या दिवशी दुपारीच वीज गेली. तोवर धनुबाईची पपई भिजून झाली होती. प्रतिभा बांधावर उभी राहून ओली माती बघत होती, आणि तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

संध्याकाळी सासरे, दगाबापू, ताटावर बसले. "आपला नंबर कितवा?"

"शेवटून दुसरा."

बापूंचा घास हातातच राहिला. "आनि नवनीतना?"

"शेवटला."

बापूंनी थोडा विचार केला आणि ताट पुढे सरकवलं. "मंग आखो एक भाकर वाढ."