नानांच्या घरचं प्रस्थान

नानांच्या ऑफिसात पाय टाकला की 'ये, बस' नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न, "तिकीट कधीचं काढलंस?" महाडला चवदार तळ्याच्या वाटेवर त्यांचं करसल्लागाराचं ऑफिस, मागे घर. आखातात नोकरी लागलेला माणूस आधी त्यांच्याकडे जायचा आणि बोलणी खाऊन यायचा. मीही खाल्ली.

मला दोह्याला नोकरी लागली तेव्हा आईने उमरठहून फर्मान काढलं, पितृपक्षात निघायचं नाही. मी मुकाट्याने दसऱ्यानंतरचं तिकीट काढलं. नाना उसळलेच. "अरे शहाण्या, एप्रिलपासून निम्मं वर्ष इथे काढलंस की त्या वर्षापुरता तू इथलाच. मग दोह्याच्या पगारावरही इथे कर! सप्टेंबर सरायच्या आत नीघ."

हे ऐकून आई तावातावाने महाडला आली. "पितरांच्या पंधरवड्यात पोराला धाडू? नाय जमायचं, भावजी!"

"वैनी, पितर काय कर भरायला येनार हायत?" नाना फिस्कारले. पण आईचे डोळे भरलेले दिसले आणि गडी मऊ झाला. "बरं, असं करा. अनंत चतुर्दशीला ह्याची बॅग माझ्या घरी आणून ठेवा. चांगल्या दिवशी सामान उंबऱ्याबाहेर पडलं, प्रस्थान झालं. मग माझ्या घरून तो कधी का निघेना!"

आईला तोड पटली. माझ्या बॅगेला हळदकुंकू नानांनीच लावलं. दर भाद्रपदात त्यांच्या माजघरात अशा चार-दोन बॅगा असायच्याच. "कर चुकवायचा नाही," ते म्हणायचे, "पण उगाच भरायचाही नाही."

मी परतून महाडात स्थिरावलो, आणि मग नानांच्या मेघालाच दोह्याची नोकरी लागली. आई नसलेली एकुलती एक पोर. तिची बॅग प्रस्थानाला आमच्या घरी आली. पितृपक्ष लागला आणि नाना अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दिवाळी दिसणं कठीण आहे.

मेघा बॅग परत न्यायला आली. "दादा, मी जात नाही. कंपनी डिसेंबरपर्यंत थांबतेय." आता भडका उडणार म्हणून मी धावत तिच्यामागे नानांकडे गेलो.

नाना बॅगेकडे बघत राहिले. "सप्टेंबर सरेल गो."

"सरू दे."

"पगारावर कर बसेल."

"भरेन."

नाना भिंतीकडे तोंड फिरवून रडले. "राहा मग," ते म्हणाले. "मलाही तेच हवं होतं. पण जन्मभर लोकांना वेळेत हाकललं, तुला थांब म्हणू कुठल्या तोंडाने?"

दिवाळीच्या तोंडावर नाना गेले. मेघा डिसेंबरात गेली आणि जुलैत सुट्टीवर आली, तेव्हा रिटर्न भरायला मी तिला दुसऱ्या सल्लागाराकडे नेलं. तो भला माणूस हळहळला. "थोडं आधी निघाला असतात, तर हा सगळा कर वाचला असता हो."

"वाचला असता," मेघा म्हणाली, "पण नाना मिळाले नसते. भरा."