जित्या माणसाला हार

दर रविवारी सकाळी मी अहिल्याकाकूंना गाडीतून संग्रहालयात घेऊन जायचे, आणि तिथल्या एका फोटोवरचा झेंडूचा हार काढून तो पिशवीत घालून त्या घरी आणायच्या. आयटी पार्कमधल्या माझ्या ऑफिसात अभिषेक नावाचा एक शहाणा आहे. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी फुलं चोरायला जाता?" त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकू साताऱ्याच्या, खटाव तालुक्यातल्या. इकडे उत्तरेत, झिरकपूरला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. पहिल्याच दिवशी मला नाव विचारून म्हणाल्या, "कादंबरी? एवढं लांबडं नाव आन् जेवती केवढंसं!" तेव्हापासून माझा डबा त्यांच्याकडूनच येतो. त्यांचे यजमान सुभेदार एकनाथ माने. तरुणपणी सरहद्दीवरच्या एका बर्फातल्या चौकीवर गोळीबार चालू असताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाठीवर घालून खाली आणलं होतं. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं. शेवटची पोस्टिंग इकडची होती, मुलगी शिवानी इथल्याच कॉलेजात शिकत होती, म्हणून फ्लॅट घेतला. शिवानी लग्न होऊन कॅनडाला गेली आणि हे दोघं राहिले इथेच, गावापासून लांब.

आता काकांना काही आठवत नाही. सुरुवातीला चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, ते सगळेच विसरतात. मग घरात असतानाच "घरी कधी जायचं?" म्हणून विचारायला लागले. मग शिवानीचा व्हिडिओ कॉल आला की "ह्या कोण मॅडम?" सकाळी उठून दाढी मात्र अजून स्वतः करतात, बुटाला पॉलिशही करतात, आणि मग बूट घालून जायचं कुठे ते न समजून सोफ्यावर बसून राहतात. गेल्या दिवाळीपासून काकूंना ते 'बाई' म्हणतात. "बाई, चहा झाला असंल तर द्या." इतक्या अदबीने म्हणतात की ऐकणाऱ्याला रडू यावं. काकू चहा देतात.

अशात इथल्या लष्करी संग्रहालयातून फोन आला. पदकविजेत्यांचं एक नवं दालन होणार होतं, त्यासाठी साहेबांचा फोटो हवा होता. काकू हरखून गेल्या. वर्दीतला, छातीवर पदक असलेला, स्टुडिओत काढलेला मोठा फोटो ट्रंकेत होता. काकांनी तो कधी भिंतीवर लावू दिला नव्हता. त्यांच्या गावाकडे एवढा मोठा फोटो फ्रेम करून लावतात तो गेलेल्या माणसाचा. काकूंनी तो स्वतःच्या हाताने पुसला आणि नेऊन दिला.

उद्घाटनाला काकांना ताप होता, म्हणून कुणी गेलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघी पाहायला गेलो. छान दालन होतं, स्वच्छ, मंद दिवे. फोटोंची लांब रांग, आणि प्रत्येक फोटोला ताज्या झेंडूचा हार. काकूंनी काकांचा फोटो शोधला. त्यालाही हार होता.

काकूंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि समोर नवऱ्याच्या फोटोला हार. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसला. "आगं, मानूस जितं हाय माजं," त्या म्हणाल्या. "घरी शेजारणीसंगं कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलंय की!"

मी तरातरा संग्रहालयाच्या ऑफिसात गेले. मला भांडायचं होतं. पण दालन सांभाळणारे हरविंदरजी इतके सज्जन निघाले की भांडायचीही सोय राहिली नाही. त्या रांगेतले बाकी सगळे जवान लढाईतच गेलेले होते, फक्त काका तेवढे हयात. दर शनिवारी कुठल्यातरी शाळेची मुलं येतात, प्रत्येकाच्या हातात एक हार असतो, आणि ती एकेका फोटोला घालतात. "बच्चे किसी एक को कैसे छोड़ दें, बहनजी? लोग कहेंगे, इस जवान का अपमान किया." माणूस खरंच कळवळून बोलत होता. त्यांनी फोटोखाली चिठ्ठी लावून बघितली, 'सूबेदार साहब हमारे बीच हैं'. मुलांनी ती वाचली आणि हार घातला. फोटो परत मागावा, तर काकूंनाच ते नको होतं. एवढ्या मोठ्या माणसांच्या रांगेतून नवऱ्याला आपण आपल्या हाताने उठवायचं? शेवटी हरविंदरजींनीच सांगितलं, रविवारी येऊन हार काढून न्या, तुम्हाला कुणी अडवणार नाही.

म्हणून आमचे रविवार सुरू झाले. घरी आणलेल्या त्या हाराचं करायचं काय, हा आणखी एक घोर होता. फोटोवरून उतरलेली फुलं देवाला वाहता येत नाहीत आणि नवऱ्याच्या नावाची म्हणून कचऱ्यात टाकवत नाहीत. काकू बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ती चुरून टाकायच्या. कढीपत्ता असा फोफावला की आख्खी इमारत न्यायला लागली.

मला कधीकधी संताप यायचा. कुणाचा, तेच कळत नव्हतं. मुलांचा? ती बिचारी गुडघ्याएवढी पोरं. एकदा गाडीत मी वैतागून म्हटलं, "काकू, राहू दे की एखाद्या वेळी. हाराने काय होतं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घरात ते मला सोडून रोज थोडं थोडं चाललंत. तितं तर माज्या हातात काईच न्हाई. ह्यो हार तेवढा काढता येतो."

मग हरविंदरजींनाच कल्पना सुचली. साहेबांनाच घेऊन या, शनिवारी, मुलं असताना. एकदा मुलांनी जिवंत माणूस पाहिला की कोण फोटोला हार घालेल? शिक्षक पुढच्या शाळांनाही सांगतील. इतका साधा उपाय इतके दिवस कसा सुचला नाही, असं वाटून आम्ही दोघी हसलो. काकूंनी त्या शनिवारी काकांना ब्लेझर घातला, त्यावर पदक लावलं, आणि लांब उभं राहून लग्नातल्या नवरदेवाकडे बघावं तसं बघितलं. "दिसतंय का न्हाई रुबाबदार?" मला विचारलं. दिसत होतेच.

दालनात मुलं रांगेत उभी होती. हरविंदरजींनी सांगितलं, ज्यांचा हा फोटो आहे ते सुभेदार साहेब स्वतः आले आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकाही वाजवायला लागले. फोटोसमोर दोन वेण्यांची एक मुलगी हार घेऊन उभी होती. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि हार काकांच्या पुढे धरला. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला.

काकांनी हार घेतला. पाऊल जुळवून फोटोसमोर उभे राहिले, हार नीट, दोन्ही बाजू सारख्या करून फोटोला घातला आणि सॅल्यूट ठोकला. तसा सॅल्यूट मी पुन्हा पाहणार नाही.

हरविंदरजी खाली बघत होते. मी पुढे व्हायला गेले, पण काकूंनी मला हाताने थांबवलं आणि त्या काकांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"चांगला जवान हुता," काका फोटोकडे बघत म्हणाले. "माज्याच पलटणीतला. तोंड वळकीचं हाय." मग काकूंकडे वळले. "बाई, ह्याची बायकू असंल न्हवं? तिचं आता कोन बगतं?"

काकूंनी त्यांच्या ब्लेझरवरचं वाकडं झालेलं पदक सरळ केलं.

"तिचं तीच बगती," त्या म्हणाल्या.

"शाबास," काका म्हणाले, आणि परत फोटोकडे वळले.

हार फोटोवरच राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेले, तर काकू कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "न्हाई जायचं आज. त्यांनी घातलेला हार मी कसा काढू?"