केतकीची बाटली आंब्यांच्या आढीत

मालवणकरांनो, दुपारी लाईट गेली, तेव्हापासून आमचं अख्खं घर एका बाटलीभोवती बसलंय.

बाटलीत माझ्या पुतणीचा, केतकीचा, कॉलेजचा प्रयोग आहे. रासायनिक द्रावणात बुडवलेल्या धातूच्या तुकड्यावर हाडासारख्या सिरॅमिकचे स्फटिक वाढताहेत. त्यांना भट्टी लागत नाही, अंगाएवढी ऊब पुरते. पण ती सतत हवी. आता हीटरच बंद. आधीचे नमुने बिघडले, हा शेवटचा.

वहिनीने बाटली अलगद उचलून आंब्यांच्या आढीत, गवतात ठेवली.

“आये, ह्यां काय करतंस?”

“आंबे पिकतत थंय, मगे तुजां हाड पिकाचां नाय?”

केतकी हसली नाही. थर्मामीटरचा पारा हळूहळू उतरतोय आणि आम्ही वर गवत घालतोय.

तुमच्याकडे लाईट आली का हो?