जाधवांच्या गाडीची वॉरंटी आणि माझी वकिली

आधी कबूल करा, हसणार नाही, मगच सांगते. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात हो. मी तो उचलून शेजाऱ्यांच्या पायावर पाडला! तोही भर दुपारी, चारचौघांत, द्वारका चौकाजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात!

तेव्हा सिडकोतल्या आमच्या गल्लीत चारचाकी म्हणजे केवढं अप्रूप! समोरच्या जाधव भाऊजींनी सेकंड हँड गाडी घेतली. पांढरीशुभ्र! वर सहा महिन्यांची वॉरंटी. मला इतका आनंद, की पेढे त्यांच्याआधी मीच वाटले.

आणि आठवडा होतो न होतो, तोच गाडी पाथर्डी फाट्यावर खडखड करून बंद! मेकॅनिक म्हणाला, इंजिन गेलं. दुकानदार म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. भाऊजींची बायको सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "ताई, एवढा खर्च नाही झेपायचा. गाडी भंगारातच द्यावी लागेल."

मी बरी गप्प बसेन? पदर खोचला. "चला भाऊजी! तुम्ही नुसते उभे राहा, बोलते मी."

गाडी टोचन करून दुकानासमोर आणलेलीच होती. दुकानदार अगदी थंड. "ताई, ऑइलमध्ये पाणी गेलंय. बाहेरून काही गेलं तर वॉरंटी नाही."

"आणि बॅटरी?"

"नाही."

"टायर? काच?"

"नाही."

"अहो, मग वॉरंटीत आहे तरी काय? हॉर्न?"

गिऱ्हाइकं हसली! मला आणखी चेव. "बाहेरून पाणी जाईलच कसं? ऐन उन्हाळा, गाडी कायम पत्र्याखाली. मी खिडकीतून दिवसभर बघत असते! मुळातच खराब गाडी गळ्यात मारलीत तुम्ही!"

दोघं-तिघं उठून चालू लागले, तसा तो नरमला. "बरं बरं, आवाज नका करू. पाणी आतूनच झिरपलं असेल, तर इंजिन आम्ही करून देतो. फुकट."

भाऊजींचा चेहरा असा खुलला म्हणता! इथे मी तोंड मिटायला हवं होतं की नाही? पण छे!

"झिरपलंच असणार! नाहीतर या गाडीला काही व्हायचं कारणच नाही. लोक पूजेला नुसतं टपावर पाणी शिंपडतात. मी रामकुंडाचं तीर्थ थेट इंजिनात घातलंय!"

दुकानदार खुर्चीतून उठलाच.

"इंजिनात… कुठे?"

मी बॉनेट उघडायला लावलं आणि बोट ठेवलं. "हे काय, या झाकणात! भाऊजी, तुम्ही नारळ फोडायला वळलात ना, तेव्हाच."

"मावशी, इथे ऑइल घालतात." बघा, ताईची मावशी झाले!

भाऊजींचा आवाज पार खोल गेला. "वहिनी… पळीभरच ना?"

"पळीभर कशाला? आपल्या माणसाच्या गाडीला हात आखडता घेईन का मी? अख्खा तांब्या!"

दुकानदाराने भाऊजींना हात जोडले. "साहेब, आम्ही वॉरंटी इंजिनची देतो. शेजाऱ्यांची नाही."

इंजिन शेवटी भाऊजींनी पतसंस्थेचं कर्ज काढून करून घेतलं. माझी भिशी लागली होती, तीही मी त्यात घातली. गाडी परत आली त्या दिवशी मी पूजेचं ताट घेऊन धावतच गेले. सुनंदा फाटकातच आडवी!

"ताई, पूजा सिन्नरला नणंदेकडे उरकून आलो हो!"

म्हटलं, बरं झालं, निदान कुंकू तरी लावते. वाकून बघते तर काय…

बॉनेटला कुलूप!